बांधलेली लाँच वळली कशी?

"खजिना मीच पुरणार!" टिल्लूने टेबलावर मूठ आपटली.

"तू पुरलास तर शोधायला पुढची सुटी उजाडेल," मास्तर म्हणाला. "मागच्या सुटीत स्वतःची चप्पल कुठे ठेवलीस, ती तरी सापडली का?"

"ती मी मुद्दाम लपवली होती!"

"कुणापासून? पायांपासून?"

भिंगरीला हसू आवरेना. सुटी लागली की ती आणि तिचा धाकटा भाऊ टिल्लू मावशीकडे यायचे, आणि पहिल्याच दिवशी असं युद्ध पेटायचं. मास्तर म्हणजे मावशीचा मुलगा. तो वर्गात पहिला वगैरे यायचा नाही हं! पण साधं पाणी मागितलं तरी पाणी आकाशातून कसं पडतं इथपासून सुरुवात करायचा, म्हणून मास्तर. आणि भिंगरी? ती एका जागी गप्प बसली तर घरातले तिच्या कपाळाला हात लावून ताप बघायचे.

टेबलावर मास्तरची सगळी संपत्ती मांडली होती: दोन होकायंत्रं आणि एक जुना मोबाईल. घरामागच्या टेकडीवर खजिना पुरायचा आणि होकायंत्र वापरून शोधायचा, असा बेत होता.

"ही पितळी डबी बघ," मास्तर सुरू झाला. "साधी चुंबकाची सुई, टोकावर तोललेली. पृथ्वी म्हणजे एक मोठा चुंबकच, ती हिला उत्तरेकडे वळवते. पण सुई थरथरत बसते. आणि या पारदर्शक पट्टीवरच्या यंत्रात तेल भरलंय. त्या तेलातून सुईला घाई करता येत नाही, म्हणून ती लगेच ठरते."

"म्हणजे डबी म्हणजे भिंगरीताई, आणि तेलवालं म्हणजे आजोबा," टिल्लू म्हणाला.

"आणि मोबाईल?" भिंगरीने त्याच्या टपलीत मारत विचारलं. "त्यात कुठे सुई आहे?"

"सुई नाहीच. आत मोहरीएवढे मोजणारे तुकडे असतात. कुठल्या बाजूने चुंबकाचा किती जोर येतोय ते मोजायचं, हिशोब करायचा आणि पडद्यावर सुईचं चित्र काढायचं. तिघांची तऱ्हा वेगळी, पण ऐकतात तिघंही एकाचंच. चुंबकाचं!"

एवढ्यात बाहेरचं दार वाजलं आणि मावशी आत आली. रोज ती आली की आधी तिचा आवाज यायचा, मग ती. आज ती नुसतीच आली. जाड कोट खुंटीला अडकवला, तो पडला, तरी तिने उचलला नाही. खुर्चीत बसली आणि हातांकडे बघत राहिली.

"आई, काय झालं?" मास्तरने विचारलं.

"परत वाळूत गेली लाँच."

मावशी लाँचची सारंग होती. सारंग म्हणजे लाँच हाकणारी, सुकाणूच्या चाकामागची मुख्य. एवढ्या मोठ्या तलावाच्या या काठावरून त्या काठावर माणसं, भाजी, टपाल, औषधं, सगळं तिच्या लाँचने जायचं. पलीकडे मोठं हॉस्पिटल होतं, बाजार होता. रस्त्याने जायचं तर अख्ख्या तलावाला वळसा पडायचा. म्हणून धुकं असो, पाऊस असो, लाँच सुटायचीच.

"धुकं होतं ना? मग होणारच की!" टिल्लू म्हणाला.

"धुक्यात मी काल चालवायला लागले का रे? धुक्यात डोळ्यांनी चालवत नाहीत, होकायंत्रावर चालवतात. मी काटेकोर चालवली, तरी महिन्याभरात दुसऱ्यांदा वाळूत! माणसं थंडीत कुडकुडत बसली. साहेब म्हणाले, बाई, तुमचं लक्ष राहत नाही. सोमवारपासून तुम्ही तिकीटखिडकीवर बसा, लाँचवर दुसरा सारंग येईल."

"आणि तू काय म्हणालीस?" भिंगरी जवळजवळ ओरडलीच.

"काय म्हणणार? होकायंत्रवाले येऊन तपासून गेले, यंत्रात खोट नाही म्हणाले. मग उरलं कोण? मीच ना! मला स्वतःलाच वाटायला लागलंय, माझंच डोकं फिरलंय म्हणून."

मावशीला असं बोलताना भिंगरीने कधी ऐकलं नव्हतं. आणि सगळ्या जगाने मावशीला नावं ठेवली असती तरी भिंगरीने ठेवली नसती, कारण गेल्या हिवाळ्यातली ती पहाट तिला लख्ख आठवत होती. टिल्लूला इथेच धाप लागली होती. ओठ निळे पडले होते, बाहेर हाताला हात दिसत नव्हता इतकं धुकं होतं. मावशीने एक शब्द न बोलता टिल्लूला उचललं, लाँचवर नेलं आणि त्या पांढऱ्या भिंतीतून थेट हॉस्पिटलच्या धक्क्याला लाँच लावली. डॉक्टर म्हणाले होते, अगदी वेळेवर आणलंत. त्या दिवसाचे आभार मानायचे भिंगरीच्या मनात वर्षभर होते. पण मावशीला कसले आभार मानायचे, लाज वाटते, म्हणून राहूनच गेलं होतं.

मावशी आत गेल्यावर भिंगरी दबक्या आवाजात म्हणाली, "खजिना गेला खड्ड्यात!"

"तो खड्ड्यातच असतो," टिल्लू म्हणाला.

"गप रे! गेल्या वर्षी याहून दाट धुक्यात मावशीने लाँच बाणासारखी सरळ नेली. मग या वर्षी वाकडी का जाते? मावशी तीच, लाँच तीच, तलाव तोच. काहीतरी बदललंय! घोडं कुठेतरी पेंड खातंय आणि ते आपण शोधायचं."

मास्तरने चष्मा पुसला. तो चष्मा पुसायला लागला की काहीतरी निघणार हे नक्की. "आणखी एक गंमत बघ. दोन्ही वेळा लाँच डावीकडच्याच वाळूत गेली. लक्ष नसलेला माणूस कधी डावीकडे जाईल, कधी उजवीकडे. पुन्हा पुन्हा एकाच बाजूला जाणं म्हणजे लक्ष नसणं नव्हे. कुणीतरी यंत्राला फसवतंय!"

*

सकाळी आकाश निळंशार होतं. धुक्याचा मागमूस नव्हता. मावशी म्हणाली, "केबिनमधलं माझं सामान तेवढं घेऊन या. शाल, किटली, बसायची उशी. माझे पाय वळत नाहीत तिकडे." त्या दिवशी लाँचला सुटीच होती. मुलांना हेच हवं होतं! मास्तरने तिन्ही यंत्रं खिशांत कोंबली आणि तिघं धक्क्याकडे पळाले.

धक्का लाकडी, लांबलचक. त्याला पुढून-मागून दोरांनी घट्ट बांधलेली लाँच, तोंड पलीकडच्या काठाकडे. शेजारी मिस्त्रीकाकांची दुरुस्तीची शेड आणि तिच्यापुढे ऑफिस. ऑफिसच्या दारात साहेब उभे होते. साहेबांची मान कायम अशी वर असायची, की समोरच्याला त्यांच्या नाकपुड्याच आधी दिसायच्या.

"सामान उचलायचं आणि चालू पडायचं!" साहेब गरजले. "लाँच म्हणजे बागेतली घसरगुंडी नव्हे. कशाला हात लागलेला मला दिसला तर बघा!"

"नाही दिसणार, साहेब!" टिल्लू म्हणाला, आणि भिंगरीने त्याला चिमटा काढला.

केबिन इतकी लहान की तिघं शिरल्यावर चौथ्याला श्वास बाहेर ठेवून यावं लागलं असतं. पुढे काच, मध्ये सुकाणूचं चाक, आणि चाकाच्या पुढ्यात खोक्यावर बसवलेलं मोठं होकायंत्र. डाव्या बाजूला सरकतं दार. ते आता मागे सरकवून उघडं ठेवलेलं होतं.

"याची सुई कुठाय?" टिल्लूने काचेच्या घुमटात डोकावलं. आत द्रवामध्ये एक गोल तबकडी तरंगत होती, तिच्यावर दिशा आणि आकडे.

"सुई नसते यात," मास्तर कुजबुजला. "चुंबक तबकडीच्या पोटाला चिकटवलेले असतात, म्हणून सगळी तबकडीच उत्तर धरून बसते. लाँच वळली की आपण तिच्याभोवती फिरतो, ती हलत नाही. पुढे ही रेघ आहे ना? तिच्यासमोर जो आकडा, ती आपली दिशा. आणि बघ, सगळं भांडं दोन कड्यांमध्ये टांगलंय. लाँच कितीही डुलली तरी भांडं सपाट राहतं."

"मोठ्या जहाजांवरही असंच असतं?"

"असंही असतं आणि दुसरंही असतं. भोवऱ्यासारखं गरगर फिरणारं, त्याला चुंबक लागतच नाही. पण ते आपल्या लाँचएवढं महाग."

रेघेसमोर आकडा होता साठ. मास्तरने पट्टीवरचं होकायंत्र धरलं: साठच्या आसपास. मोबाईल हवेत आठाच्या आकड्यासारखा फिरवून घेतला. तसं केलं की त्याचा हिशोब ताळ्यावर येतो, म्हणे. तोही साठच्या जवळ. पितळी डबी थरथरली, थोडी रुसली आणि साठवरच आली.

"सगळी एकाच सुरात गातायत," भिंगरी हिरमुसून म्हणाली. "मग खोटं कोण बोलतंय?"

मग शोधाशोध सुरू झाली. मावशीचा नियम भिंगरीला पाठ होता: यंत्राजवळ लोखंड नाही, मोबाईल नाही, किल्ल्या नाहीत. किटली पितळेची, उशीत कापूस. खिळेसुद्धा पितळेचे! टिल्लूने स्क्रूला डबी लावली, चाकाला लावली, किटलीला लावली. सुई ढिम्म. मग त्याने डबी भिंगरीच्या डोक्याजवळ नेली आणि सुई गर्रकन फिरली.

"सापडलं!" तो किंचाळला. "ताईच्या डोक्यात चुंबक आहे!"

"ती केसातली पिन आहे, बावळटा!"

"कोण आहे रे आत अजून?" बाहेरून साहेबांचा आवाज आला. धक्क्याच्या फळ्या धडाधड वाजायला लागल्या. तिघांची पाचावर धारण बसली. भिंगरीने काहीएक विचार न करता सरकतं दार पुढे ओढलं. दार हळूच, लोण्यासारखं सरकलं आणि टक्कन चौकटीला चिकटलं. तिघं दाराखाली उकिडवे बसले.

फळ्या वाजत जवळ आल्या. थांबल्या. टिल्लूने नाक दाबून धरलं, कारण त्याला शिंक येत होती. त्याला नेहमी अशाच वेळी शिंक येते! भिंगरीने देवाचं नाव घ्यायचं म्हणून वर पाहिलं, तर तिची नजर काचेच्या घुमटावर पडली आणि तिथेच खिळली.

तबकडी सरकत होती.

सावकाश, अगदी साळसूदपणे. साठ रेघेवरून बाजूला गेला. सत्तर आला. सत्तर गेला. तबकडी जराशी पुढे गेली, मागे आली आणि ठरली. ऐंशी!

भिंगरीने मास्तरची बाही ओढली. मास्तरने पाहिलं आणि त्याचा जबडाच खाली आला. लाँच दोन्हीकडून बांधलेली होती. ती तसूभरही हलली नव्हती. मग तबकडी कशी वळली?

"दार!" भिंगरी नुसते ओठ हलवून म्हणाली.

फळ्या वाजत परत लांब गेल्या, तेव्हा टिल्लूने एकदाची ती शिंक सोडली. भिंगरीने दार मागे सरकवलं. तबकडी निघाली, साठवर आली. दार लावलं. ऐंशी. उघडलं. साठ!

"डबी दे, डबी!" तिने मास्तरच्या हातातली पितळी डबी हिसकावली आणि दाराच्या पुढच्या कडेवरून हळूहळू खाली आणली. वर काही नाही. मधोमध आली आणि सुई अशी उडाली की टोकावरून निसटतेच की काय! तिथे लाकडाची नवी पट्टी होती, घासूनपुसून रंगवलेली, नखाला जोड लागू नये इतकी सफाईदार.

"आत चुंबक आहे," मास्तर म्हणाला. "दार उघडं असलं की तो मागे, केबिनच्या पार दुसऱ्या टोकाला. दार लावलं की थेट यंत्राच्या कुशीत! आणि आई दार कधी लावते?"

"धुक्यात!" भिंगरी आणि टिल्लू एकदम म्हणाले. "थंडी वाजते म्हणून!"

"लाँच साठवरच चाललेली असते, पण यंत्र ऐंशी दाखवतं. आईला वाटतं, आपण उजवीकडे भरकटलो. ती साठ आणायला लाँच डावीकडे वळवते..."

"...आणि वाळूत!" भिंगरीच्या डोळ्यांत पाणीच आलं. मावशी चुकली नव्हती. खोट्या यंत्राचं खरं मानून ती इमानाने चालवत राहिली होती.

"काय चाललंय हे? दार काय पाळणा आहे?"

साहेब! केबिनच्या दारात! या वेळी फळ्या वाजल्याच नव्हत्या. आता पळायलाही जागा नव्हती.

"साहेब, या दारात चुंबक आहे!" टिल्लू म्हणाला. "त्यामुळे मावशीची लाँच वाळूत जाते!"

"हो का? आणि तुझ्या दप्तरात वाघ आहे, तो पुस्तकं खातो! होकायंत्र माझ्यासमोर तपासलंय. तुमच्या खेळण्यांवरून मी ऑफिस चालवू? उतरा खाली!"

मास्तर समजावायला तोंड उघडणार, तोच भिंगरीने त्याच्या पायावर पाय दिला. साहेबांना कुणी शिकवलेलं आवडणार नव्हतं. पण कुणी विचारलेलं? ते नक्की आवडलं असतं.

"साहेब, उतरतोच आम्ही," ती अगदी मवाळ आवाजात म्हणाली. "फक्त एकच. हे यंत्र वाचायचं कसं ते आम्हाला कळत नाही. तुम्ही दाखवाल?"

साहेबांच्या नाकपुड्या फुलल्या आणि ते अंग चोरून आत शिरले. "त्यात काय! ही रेघ बघायची, रेघेसमोरचा आकडा वाचायचा. साठ. लाँचचं तोंड साठ अंशांवर आहे. कळलं?"

"कळलं! किती सोपं करून सांगितलंत!" भिंगरी म्हणाली. "वारा झोंबतोय ना साहेब? दार लावते हं." आणि दार टक्कन लागलं. "आता मी वाचू? बरोबर येतंय का बघा. ऐंशी."

"चूक. साठ."

"बघा ना तुम्हीच."

साहेब वाकले. डोळे चोळले. पुन्हा वाकले. "ऐंशी? हे... ऐंशी कसं?"

"लाँच वळली असेल," मास्तर निरागसपणे म्हणाला.

"लाँच बांधलेली आहे!"

"मग धक्का वळला असेल," टिल्लू म्हणाला.

साहेबांनी खिडकीतून धक्क्याकडे पाहिलंसुद्धा! मग त्यांनी स्वतः दार उघडलं. साठ. स्वतः लावलं. ऐंशी. असं त्यांनी किती वेळा केलं कोण जाणे! दर खेपेला त्यांची मान थोडी थोडी खाली येत गेली आणि शेवटी त्यांचे डोळे मुलांच्या डोळ्यांच्या पातळीला आले. ते तसे वाईट दिसत नव्हते.

"तपासणीच्या दिवशी ऊन होतं," ते पुटपुटले. "केबिनमध्ये उकडत होतं. दार उघडंच होतं."

*

टिल्लू मावशीला बोलवायला पळाला आणि वाटेत मिस्त्रीकाकांनाही घेऊन आला. मिस्त्रीकाकांनी पट्टी खोलली. आतून काळाकभिन्न, पुरीएवढा गोल चुंबक निघाला. तो त्यांच्या पान्याला असा चिकटला की सुटता सुटेना.

"मीच बसवला हो," मिस्त्रीकाका म्हणाले. चेहरा रडवेला झाला होता त्यांचा. "पावसाळ्यात हे दार लाटेबरोबर आपोआप सरकायचं. बाईंची बोटं चेमटली होती, नखं काळीनिळी झाली होती. म्हटलं, बाईंना त्रास नको. जुन्या भोंग्यातला चुंबक पडून होता, कडेत खोबण करून बसवला आणि तो धरून ठेवायला चौकटीच्या आत लोखंडाची चकती घातली. दिसायला वाईट नको म्हणून वर पट्टी लावून रंगवली. तुम्ही लोखंडाच्या किल्ल्याही आत नेत नाही हे मला माहीत होतं हो बाई! पण दाराचा विचारच मनात आला नाही. माझ्या हाताने तुमचं नाव घालवलं मी."

मावशी चुंबकाकडे बघत उभी होती. भिंगरीला वाटलं, आता मिस्त्रीकाकांची धडगत नाही.

पण मावशीने काय केलं? ती केबिनच्या पायरीवर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागली. मास्तर घाबरला. आईला रडताना बघायची त्याला सवय नव्हती.

"मी चुकले नव्हते," ती म्हणाली. "माझे हात चुकले नव्हते रे!" मग डोळे पुसून तिने मिस्त्रीकाकांकडे पाहिलं. "आणि तुम्ही कशाला रडता? माझ्या बोटांची काळजी केलीत तुम्ही. एवढी तर माझ्या घरातही कुणी केली नाही!"

"आई!" मास्तर म्हणाला.

"गंमत करतेय, बाळा. मीसुद्धा धांदरटच. दार नवं झालं, छान लागतं म्हणून खूश झाले. दार लावल्यावर तबकडी सरकते का, हे बांधलेल्या लाँचवर एकदा बघायला हवं होतं. चालत्या लाँचवर तबकडी डुलतच असते, तिथे कळायचं कसं?"

दुपारी होकायंत्रवाल्यांना तातडीने बोलावलं. त्यांनी चौकटीतली चकती काढून दाराला साधी पितळी कडी बसवून घेतली, खाली मान घालून यंत्र पुन्हा तपासलं: दार उघडं ठेवून आणि दार लावून. केबिनमध्ये घामाच्या धारा लागल्या तरी भिंगरीने त्यांना दार उघडू दिलं नाही. "अजून एकदा बघा ना काका," ती म्हणत राहिली, आणि तिची टर उडवायची सोडून साहेबही म्हणाले, "बरोबर आहे तिचं. बघा अजून एकदा."

*

सोमवार उजाडला तो धुकं घेऊनच. असं धुकं की धक्क्यावरून लाँचही दिसेना. रांगेत माणसं नेहमीसारखीच होती, पण मावशी केबिनकडे निघाली तशी कुजबुज सुरू झाली.

"याच का बाई आजही?"

"परत वाळूत बसवणार वाटतं."

"मी बाई धुकं निवळल्यावर जाईन."

एकेक जण मागे सरकायला लागला. मावशी केबिनच्या पायरीवर थबकली. तिची पाठ भिंगरीला दिसत होती, आणि त्या पाठीवरून कळत होतं की एवढं सगळं होऊनही तिला धीर होत नव्हता. यंत्र दुरुस्त झालं, पण लोकांचं मन कोण दुरुस्त करणार?

तेवढ्यात रांगेतून वाट काढत साहेब पुढे आले. धक्क्याच्या मधोमध उभे राहिले आणि घसा खाकरला.

"ऐका हो! दोन्ही वेळा लाँच वाळूत गेली, त्यात बाईंची काही चूक नव्हती. केबिनच्या दारात चुंबक राहिला होता. तो शोधायचं काम माझं होतं. मी तो शोधला नाही आणि बाईंना बोल लावला. तो या तीन मुलांनी शोधला. चूक माझी होती. बाई, सगळ्यांच्या देखत माफी मागतो." मग ते पहिले लाँचवर चढले आणि पुढच्या बाकावर जाऊन बसले. "मी तर निघालो. मला पलीकडे काम आहे."

त्यांना पलीकडे कसलंही काम नव्हतं, हे भिंगरीला पक्कं ठाऊक होतं. त्या क्षणी तिला साहेब फार फार आवडले.

माणसं चढली. आधी चुळबुळत, मग भराभर. दोर सुटले. मावशीने मुलांना केबिनमध्ये घेतलं, शाल गुंडाळली आणि दार लावलं. तिघांच्याही नजरा आपोआप तबकडीवर गेल्या. ती जागची हलली नाही.

काठ पुसला गेला. पाणी पुसलं गेलं. चहूकडे नुसता दुधासारखा पांढरा अंधार. मावशीचे हात चाकावर, नजर रेघेवर. साठ. लाँच जरा ढळली की ती चाक जरासं फिरवायची. साठ. मध्येच तिचे ओठ घट्ट मिटले, बोटं पांढरी पडली. भिंगरीने ओळखलं, डावीकडची वाळू इथेच कुठेतरी आहे.

"साठच आहे, मावशी," ती हळूच म्हणाली.

"बघतेय ना मी," मावशी म्हणाली. पण हातांची बोटं सैल झाली.

आणि मग ऐकू आली, टण्... टण्... धुक्यात वाट दाखवायला पलीकडच्या धक्क्यावर वाजवतात ती घंटा! डावीकडून नाही, उजवीकडून नाही, थेट नाकासमोरून! बाकांवरची माणसं उठून उभी राहिली. पांढऱ्यातून आधी धक्क्याचा दिवा उमटला, मग खांब, मग घंटा वाजवणाऱ्याचा लाल मफलर. लाँच धक्क्याला अशी लागली की बाकावरच्या टोपलीतलं अंडंसुद्धा हललं नसतं.

कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. उतरताना माणसं केबिनपाशी थांबून जात होती. "बाई, मघाशी बोलले ते मनावर घेऊ नका हं." "सारंगबाई, संध्याकाळी परत तुमच्याच लाँचने येणार!" साहेबांनी मास्तरशी हात मिळवला आणि टिल्लूच्या पाठीवर अशी थाप मारली की तो दोन पावलं पुढे गेला. "शाबास!" ते म्हणाले. "आजपासून प्रत्येक तपासणी दार लावून आणि दार उघडून. दोन्हीकडून! आणि तू गं पोरी, 'वाचायचं कसं ते कळत नाही' म्हणे! मला शेंडी लावलीस की!"

"तुम्ही छान शिकवलंत साहेब," भिंगरी म्हणाली, आणि साहेब मोठ्याने हसले.

लाँच रिकामी झाली. मावशीने तिघांना जवळ ओढलं. शालीत चौघं मावेनात, तरी तिने कोंबलं.

"देवाने मला बक्कळ दिलंय," ती म्हणाली. "सगळे म्हणत होते चूक हिची, मीही तेच म्हणत होते. तुम्ही तेवढे म्हणाला नाहीत. तुमचे उपकार मी कसे फेडू रे?"

"तू फेडायचे?" भिंगरीचा आवाज फुटला. "मावशी, गेल्या हिवाळ्यात टिल्लूला तू इथेच आणलंस ना... मी तुला काहीच बोलले नाही. वर्ष झालं. मला नीट बोलता येत नाही. पण तू नसतीस तर..." पुढचं तिला म्हणवेना. तिने टिल्लूचा हात घट्ट धरला.

टिल्लूने एकदा ताईकडे पाहिलं, एकदा मावशीकडे. मग त्याने मावशीच्या गळ्यात हात टाकले आणि चक्क काही खोडी न काढता म्हणाला, "थँक्यू, मावशी."

मावशीने त्याच्या छातीला कान लावला. श्वास मोकळा चालला होता. तिने दोन्ही डोळे पुसले आणि चाकाला हात घातला.

"उतरा, बाकांवर बसा," ती म्हणाली. "परतीची माणसं खोळंबलीत."